चौकोनातील रंग आणि दृष्टीचा भ्रम

पाश्चात्य चित्रकलेने पंधराव्या शतकापासून सुमारे साडेचारशे वर्षे ज्या एका विद्येची निष्ठेने उपासना केली, ती सपाट फलकावर खोली भासविण्याची विद्या होती; आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या चित्रकारांनी माणूस, झाड, घर, डोंगर या सर्वांना चित्राबाहेर काढून चौकोन, वर्तुळ, पट्टा आणि रेषा एवढ्याच सामग्रीवर आपला संसार मांडला, त्यांच्यापैकी अनेकांचा दावा असा होता, की यापुढे चित्र कशाचाही आभास निर्माण करणार नाही, जे फलकावर आहे तेवढेच दिसेल. काझिमिर मालेविचने १९१५ साली पेट्रोग्राडच्या प्रदर्शनात पांढऱ्यावरचा काळा चौकोन मांडला, तो वस्तुसृष्टीशी असलेले जुने नाते तोडल्याचा जाहीरनामाच होता. परंतु आभासमुक्तीचा हा दावा टिकला नाही, आणि तो टिकला नाही हे या चित्रकलेचे भाग्य होय असे मला वाटते. वस्तूचा आभास काढून टाकल्यावर असे आढळून आले, की आभासाचे मूळ चित्रकाराच्या हाताइतकेच पाहणाऱ्याच्या डोळ्यात आहे : दोन रंग शेजारी आले की ते एकमेकांस बदलतात, सपाट पट्टा मागेपुढे सरकतो, स्थिर रेघ थरथरते, आणि जिथे रंग लावलेलाच नाही अशा कोऱ्या जागेवर रंगाची झाक उमटते. या घटनेचा आढावा घेताना माझा पक्ष मी आरंभीच सांगून टाकतो. भौमितिक अमूर्त चित्रातील भूमिती ही रंगाच्या सेवेस आहे. आकृतीने आपले सर्व बोलणे आवरते घ्यावे, म्हणजे रंगाचे स्वाभाविक वर्तन निर्वेधपणे पाहता येईल, यासाठी ती इतकी साधी झाली, आणि ज्या चित्रकारांनी हे ओळखले त्यांचेच काम पन्नास-साठ वर्षांनंतरही जिवंत वाटते.

या प्रश्नाची पहिली पक्की तपासणी चित्रशाळेत न होता एका सरकारी कारखान्यात झाली. पॅरिसच्या गोब्लँ येथील सचित्र पडद्यांच्या विणकामाच्या शाही कारखान्यात मिशेल युजेन शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ १८२४ साली रंगाई खात्याचा प्रमुख म्हणून नेमला गेला. तेथे एक तक्रार वारंवार येत असे, की निळ्या व जांभळ्या वस्त्रांच्या चुण्यांत सावली म्हणून जी काळी लोकर वापरली जाते तिच्या काळ्या रंगात दम नाही, तो फिकट आणि मळकट दिसतो. शेव्हरलने इतर कारखान्यांतील काळ्या लोकरीचे नमुने मागवून आपल्या लोकरीशी ताडून पाहिले, तेव्हा रंगाईत कोणताही दोष नाही असे निष्पन्न झाले. दोष शेजाराचा होता. निळ्यालगत ठेवलेल्या काळ्यावर निळ्याचा पूरक जो नारिंगी, त्याची पुसटशी छाया पडल्यासारखी दिसे, आणि तेवढ्याने त्या काळ्याचे तेज हरपे. या एका तक्रारीचा पाठपुरावा करीत त्याने जो सिद्धान्त उभारला, तो १८३९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला : एकाच वेळी शेजारी पाहिलेले दोन रंग, छटेने आणि उजळपणाने, परस्परांपासून होता होईल तितके दूर सरकतात. उत्तरप्रतिमांचे, म्हणजे रंगावरून नजर हटविल्यावर डोळ्यात उरणाऱ्या प्रतिमांचे, आणि रंगीत सावल्यांचे निरीक्षण जर्मन कवी गटे याने १८१० मध्येच बारकाईने नोंदविले होते. पण त्याची वृत्ती कवीची आणि काहीशी वादी-प्रतिवादीचीही होती, आणि न्यूटनविरुद्धच्या आवेशात त्याची उत्तम निरीक्षणे झाकली गेली. शेव्हरलची वृत्ती दप्तर नीट ठेवणाऱ्या अधिकाऱ्याची होती. तो १०२ वर्षे जगला, आणि त्याच्या हयातीतच, १८८४ ते १८८६ या काळात, फ्रेंच चित्रकार सरा याने आपल्या ग्रांद जात बेटाच्या महाचित्रात हा नियम रंगाच्या ठिपक्यांनी राबविला.

शेव्हरलच्या नियमाला एक विलक्षण अपवाद आहे, आणि पुढच्या साऱ्या इतिहासाच्या दृष्टीने हा अपवाद नियमाइतकाच महत्त्वाचा आहे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म फॉन बेत्सोल्ड याने १८७४ च्या आपल्या रंगविषयक पुस्तकात असे दाखविले, की गालिच्याच्या नक्षीत एकच रंग बदलला, उदाहरणार्थ सर्वत्र पसरलेल्या पांढऱ्या रेघांच्या जागी काळ्या रेघा घातल्या, तर उरलेले सर्व रंग न बदलताही गडद भासू लागतात. येथे शेजारचे रंग एकमेकांपासून दूर जात नाहीत. उलट ते एकमेकांत मिसळू पाहतात. म्हणजे क्षेत्र विस्तीर्ण असेल तर विरोध वाढतो, आणि रेघ बारीक, दाट व पुनरावृत्त झाली की सलोखा होतो. ही मर्यादा नेमकी कोठे ओलांडली जाते हे फलकाचे माप, रेघेची जाडी आणि पाहणाऱ्याचे अंतर या तिन्हींवर अवलंबून असते. म्हणून या प्रकारचे चित्र चार पावलांवरून एक आणि वीस पावलांवरून दुसरेच दिसते.

विसाव्या शतकात शेव्हरलचा शब्द प्रथम उचलला तो रोबेर दलोने याने. १९१२ मधील त्याच्या खिडक्यांच्या चित्रमालेत आयफेल मनोऱ्याचा एखादा हिरवट तुकडा उरलेला आहे, बाकी सर्व रंगांच्या पारदर्शक पाचरींची परस्परांशी चाललेली ओढाताण आहे. त्याची पत्नी सोनिया हिने १९११ साली आपल्या तान्ह्या मुलासाठी कापडाच्या तुकड्यांची एक गोधडी शिवली होती, रशियातील शेतकरी बायका शिवतात तशी. ही गोधडी आज पॅरिसच्या राष्ट्रीय संग्रहात असून भौमितिक अमूर्त कलेच्या आरंभीच्या कृतींत तिची गणना होते, आणि मला ती तशी होणे अत्यंत योग्य वाटते. डच चित्रकार मॉन्द्रियान याची कथा निराळी आहे. त्याला भ्रम नको होता. काळ्या उभ्या-आडव्या पट्ट्यांनी आणि तीन मूळ रंगांनी विश्वाचे स्थिर संतुलन सांगावे ही त्याची तपश्चर्या होती. पण पट्ट्या एकमेकींना छेदतात तेथे डोळ्याला करड्या ठिपक्यांची लुकलुक दिसते. जाळीतील ही लुकलुक लुडिमार हेर्मान याने १८७० मध्येच नोंदविली होती. अखेरच्या वर्षांत न्यूयॉर्कला आल्यावर मॉन्द्रियानने काळ्या पट्ट्या टाकून दिल्या, आणि १९४२-४३ मधील ‘ब्रॉडवे बूगी-वूगी’ या चित्रात पिवळ्या पट्ट्यांवर लाल, निळे व करडे चौकडे असे पेरले, की सारा फलक धावू लागतो. पिवळा आणि फिका करडा यांचा उजळपणा जवळजवळ सारखाच असल्यामुळे डोळ्याला त्या चौकड्यांची जागा निश्चित करता येत नाही. जी अस्थिरता त्याने आयुष्यभर टाळली, तिला आयुष्याच्या शेवटी त्याने आनंदाने घरात घेतले.

या सर्व परंपरेचा मध्यवर्ती पुरुष कोण असे मला कोणी विचारले, तर मी योसेफ आल्बर्स याचेच नाव घेईन. १८८८ साली जर्मनीतील बोट्रॉप या खाणकामगारांच्या गावी त्याचा जन्म झाला. बाप घरे रंगविणारा. दार रंगवावयाचे असेल तर मध्यापासून सुरुवात करून कडांकडे यावे, म्हणजे ओघळ आवरतात आणि बाही माखत नाही, हे त्याने मुलाला शिकविले, आणि पुढे हा मुलगा आपले चौकोनही आतून बाहेर असेच रंगवीत राहिला. बाउहाउस या कलाशिक्षणसंस्थेत विद्यार्थी व मग शिक्षक, १९३३ मध्ये नाझी अमलात ती संस्था बंद पडल्यावर अमेरिकेतील ब्लॅक माउंटन कॉलेज, आणि १९५० पासून येल विद्यापीठ, असा त्याचा प्रवास आहे. त्याच १९५० साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्याने ‘होमेज टू द स्क्वेअर’ ही चित्रमाला आरंभिली आणि १९७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिच्यात हजारांहून अधिक चित्रे केली.

या मालेतील चित्राची रचना एखाद्या सनदेतील कलमांप्रमाणे कायम ठरलेली आहे. फलकाचे दहा समान भाग कल्पिले, तर सर्वांत आतला चौकोन चार भागांचा, त्याबाहेरचे सहा व आठ भागांचे, आणि सर्वांत बाहेरचा म्हणजे फलकच. बहुतेक चित्रांत यांपैकी एक गाळून तीनच ठेवलेले असतात. पण हे चौकोन एककेंद्री नाहीत. खाली जेवढे अंतर सुटते त्याच्या दुप्पट दोन्ही बाजूंना आणि तिप्पट वर सुटते, म्हणून ते सारे खाली बसल्यासारखे आणि त्याच वेळी वर उठू पाहणारे वाटतात. मेसोनाइटच्या खरबरीत बाजूवर पांढऱ्या रंगाचे अनेक हात देऊन, फलक टेबलावर आडवा ठेवून, नळीतून निघालेला रंग बहुधा काही न मिसळता सुरीने पसरावा, आणि पाठीवर कोणत्या कारखान्याचा कोणता रंग कोठे वापरला याची यादी लिहावी, हा त्याचा शिरस्ता होता. ब्रशाची लकब नाही, छाया-प्रकाश नाही, एका रंगात दुसरा मुरविलेला नाही. आणि तरीही तीन पिवळ्यांचे असे एखादे चित्र भिंतीवर समोर आले, की मधला चौकोन बाहेरच्या दोहोंच्या मिश्रणाने झालेला पारदर्शक पापुद्रा वाटू लागतो, आतला कधी दूरच्या उजेडासारखा मागे जातो तर कधी पुढे येऊन ठेपतो, आणि मधल्या रंगाची आतली कड एका छटेची व बाहेरची दुसरीच भासते. रंग सपाट लावला आहे हे ठाऊक असूनही तो सपाट दिसत नाही.

आल्बर्स विद्यार्थ्यांना रंगांऐवजी रंगीत कागद वापरावयास लावी, कारण कागदाचा रंग सर्वत्र एकसारखा असतो आणि हाताच्या दोषाला त्यात वाव राहत नाही. त्याचा मुख्य पाठ वाचकाला घरी करून पाहता येईल. शाळेतल्या हस्तकलेच्या घोटीव कागदाचे दोन मोठे ताव घ्यावे, एक हळदी पिवळा आणि एक गडद निळा, आणि ते कडेला कड लावून ठेवावे. मग एकाच पारव्या कागदातून नखाएवढे दोन चौकोन कापून प्रत्येक तावाच्या मधोमध एकेक ठेवावा. पिवळ्यावरचा पारवा काळसर आणि निळसर दिसेल, निळ्यावरचा उजळ आणि उबदार. दोन्ही एकाच कागदाचे आहेत हे पाहणाऱ्याला पटत नाही. त्याच पारव्या कागदाची पट्टी दोन्ही चौकोनांना जोडून आडवी टाकली म्हणजे ते कबूल करणे भाग पडते. पण पट्टी उचलताच तफावत पुन्हा पूर्ववत उभी राहते. या शेवटच्या गोष्टीकडे मी लक्ष वेधू इच्छितो. सत्य समजल्याने हा भ्रम दूर होत नाही. रज्जुसर्पाच्या दृष्टान्तात दिवा आणला की साप नाहीसा होतो; येथे दिवा आणला तरी साप सापच राहतो, आणि म्हणून या भ्रमाला चूक म्हणणे मला योग्य वाटत नाही, तो आपल्या पाहण्याचा नित्याचा कारभार आहे. आल्बर्सने हे सारे पाठ १९६३ मध्ये ‘इंटरॅक्शन ऑफ कलर’ या ग्रंथात मांडले. त्यात तो सिद्धान्त आधी सांगत नाही, आधी पाहावयास लावतो.

दुसरी मोठी शाखा व्हिक्टर वाझारेलीची. १९०६ साली हंगेरीतील पेच येथे जन्मलेल्या आणि वैद्यकाचा अभ्यास सोडून बुडापेस्टच्या एका कलाशाळेत बाउहाउसची दीक्षा घेतलेल्या या चित्रकाराने १९३० मध्ये पॅरिस गाठले आणि बरीच वर्षे जाहिरातींच्या चित्रणावर गुजराण केली; त्या कामातली झटपट नजर वेधण्याची शिस्त त्याच्या चित्रांत अखेरपर्यंत राहिली. १९५५ मध्ये दनीझ रने हिच्या पॅरिसमधील दालनात ‘गती’ या विषयावर जे प्रदर्शन भरले त्याचा तो एक सूत्रधार होता. ‘वेगा’ या मालेत समान चौकड्यांची जाळी मध्यभागी फुगवून व कडांना दाबून त्याने असा गोळा उभा केला, की तो फलकातून बाहेर आल्यासारखा वाटतो. युक्ती जुनी आहे : तीन छटांच्या समभुज चौकोनांनी घनांची रास भासविणारी फरशी पॉम्पेईच्या एका श्रीमंत घरात, ज्वालामुखीच्या उद्रेकापूर्वीच घातली गेली होती. वाझारेलीचे मोठेपण त्या युक्तीला दिलेल्या विस्तारात आणि कला सर्वांना स्वस्तात मिळावी या त्याच्या तळमळीत आहे. पण मला त्याच्या बहुतेक चित्रांपुढे फार वेळ थांबवत नाही. गोळा फुगलेला दिसला, कसा फुगविला तेही दिसले, आणि मग रंगाला करण्यासारखे फारसे काम उरत नाही. तेथे रंग हा आकृतीचा नोकर आहे.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात विल्यम सीट्झ याने फेब्रुवारी १९६५ मध्ये ‘द रिस्पॉन्सिव्ह आय’ हे प्रदर्शन भरविले, आणि या चित्रकलेचे नशीब एका हंगामात उजळले व काळवंडलेही. आल्बर्सपासून केनेथ नोलंड, एल्सवर्थ केलीपर्यंत अनेक स्वभावांचे चित्रकार त्यात होते. परंतु वर्तमानपत्रांनी आदल्या वर्षीच ‘ऑप आर्ट’ हे सुटसुटीत नाव रूढ केले होते, आणि जनतेला आठवले ते फक्त डोळे दिपविणारे काळे-पांढरे पट्टे. काही महिन्यांत ते पट्टे झग्यांवर, पिशव्यांवर, दुकानांच्या काचांवर आले. आल्बर्सला हे नाव मान्य नव्हते. सर्वच चित्रकला डोळ्यासाठी असते, मग हा वेगळा शिक्का कशासाठी, ही त्याची हरकत होती. समीक्षकांचा आक्षेप अधिक गंभीर होता. क्लेमंट ग्रीनबर्गला हे सारे थिल्लर वाटले, आणि रोझालिंड क्राउस हिने त्याच वर्षी असे प्रतिपादन केले, की ही जुनीच भिंतीवर खोटी खिडकी रंगविण्याची चतुराई आहे. काही चित्रांपुरता हा आक्षेप मी मान्य करतो. पण खोटी खिडकी पाहणारा एकदा फसतो आणि हात लावल्यावर शहाणा होतो. घोटीव कागदापुढे कोणीच शहाणा होत नाही, आणि ज्या चित्रात पाहणारा जितका अधिक वेळ थांबेल तितके त्याला अधिक दिसते, त्याला चतुराईच्या खात्यात जमा करणे हा अन्याय आहे.

डोळा असे का करतो याचा उलगडा विज्ञानाने अंशतः केला आहे. दृष्टिपटलावरील पेशी आपापल्या जागचा प्रकाश निमूटपणे मेंदूकडे धाडीत नाहीत. एक पेशी उत्तेजित झाली की ती शेजारणीला दाबते, त्यामुळे कडा ठळक होतात आणि मधला भाग दुर्लक्षिला जातो. घोड्याच्या नालाच्या आकाराच्या एका समुद्री प्राण्याच्या डोळ्यावर हे दमन सिद्ध करणाऱ्या हार्टलाइनला १९६७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पण कमी-अधिक गडद करड्या पट्ट्यांच्या कडांवर दिसणाऱ्या खोट्या उजळ-गडद रेघांवरून एर्न्स्ट माखने त्याचे अनुमान १८६५ मध्येच केले होते. रंगांची आवक लाल विरुद्ध हिरवा, पिवळा विरुद्ध निळा अशा जोड्यांनी होते, म्हणून एक थकला की दुसरा पुढे येतो. शिवाय उजळपणा आणि रंगछटा यांची खाती बऱ्याच अंशी वेगळी आहेत : जागा, खोली आणि हालचाल यांचा निर्णय मुख्यतः उजळपणावर होतो, म्हणून समान उजळपणाचे लाल व हिरवे शेजारी आले तर त्यांची सीमा दिसते पण ठरत नाही, आणि ती थरथरते. डोळ्याच्या भिंगातून निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा अधिक वाकतो, या साध्या कारणानेही पुष्कळांना काळ्यावरचा लाल पुढे आणि निळा मागे वाटतो. इतके असूनही निकाल पुरता लागलेला नाही. हेर्मानच्या जाळीतील करडे ठिपके दमनाने उत्पन्न होतात असे पुष्कळ वर्षे पाठ्यपुस्तकांतून शिकविले गेले. अलीकडे असे दिसून आले की तीच जाळी किंचित नागमोडी केली तर ठिपके नाहीसे होतात, आणि दमनाने याचा खुलासा होत नाही. बेत्सोल्डच्या सलोख्याचे कारणही अद्याप वादग्रस्त आहे. चित्रकारांनी जे हाताने साध्य केले, त्याची कैफियत प्रयोगशाळेला अजून पूर्ण देता आलेली नाही.

काळ्या-पांढऱ्याच्या झगमगाटातून रंगाच्या गाभ्याकडे जाण्याचा मार्ग सर्वांत धीराने कोणी आक्रमिला असेल, तर तो ब्रिजेट रायली हिने. १९३१ मध्ये लंडनमध्ये जन्मलेल्या या चित्रकर्तीने १९५९ च्या सुमारास सराच्या कूर्बव्हॉआ येथील पुलाच्या चित्राची मोठी नक्कल करून रंगांचा हिशेब समजावून घेतला, आणि मग एकदम रंग बाजूला ठेवले. १९६१ मधील ‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’ हे सुमारे चार फुटांचे चित्र पाहावे. बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकडे, उंची सर्वांची अखेरपर्यंत तीच. फक्त रुंदी उजवीकडे सरकताना थोडीथोडी कमी होत जाते, मध्याच्या पलीकडे एका ठिकाणी ती सुतासारखी उरते आणि पुन्हा वाढते. एवढ्या एका बदलाने सारा पट एका खाचेत घुसल्यासारखा दिसतो, आणि नजर त्या खाचेवर स्थिर ठेवू गेले तर ती तेथे राहत नाही, कारण एकाग्र झालेला डोळाही सूक्ष्मपणे हलतच असतो, आणि आधीच्या क्षणाची उत्तरप्रतिमा पुढच्या क्षणाच्या प्रतिमेवर चढते. १९६५ च्या त्या प्रदर्शनात तिचेच चित्र पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर होते, आणि तिच्याच चित्रांच्या नकला कापडावर निघाल्या; याचे तिला मनस्वी दुःख झाले आणि तिने त्याविरुद्ध कायदेशीर इलाजही शोधला.

पण तिची खरी थोरवी यानंतरची आहे. आधी उबदार व थंड करड्यांच्या श्रेणी, आणि १९६७ पासून शुद्ध रंग, असे ती एकेक पायरी चढली. ‘चँट २’ मध्ये पांढऱ्यावर लाल आणि निळ्या उभ्या पट्ट्या आहेत, दुसरे काहीच नाही. तरी त्या पांढऱ्यावर जांभळट धुके तरळते, जे कोणत्याही डबीतून आलेले नाही. येथे चौकोन, वर्तुळ किंवा त्रिकोणही नकोसे झाले, कारण आकृती जितकी बोलकी तितका रंग मुका होतो, आणि रंगाला सर्वांत कमी अडथळा करणारा आकार म्हणजे लांब पट्टा, कारण त्याला कडा भरपूर असतात आणि अंग अत्यंत थोडे. १९६८ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत चित्रकलेचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक तिला मिळाले. हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री. १९७९-८० च्या हिवाळ्यात ती इजिप्तला गेली, नाईलकाठच्या थडग्यांतून मोजक्याच रंगांनी हजारो वर्षे चित्रकाराची सर्व गरज कशी भागविली हे तिने पाहिले, आणि परतल्यावर स्मरणाने ते रंग सिद्ध करून जे पट्टे रंगविले त्यांत डोळा दिपत नाही, तर निवतो. पहिल्या चित्रांत भ्रम पाहणाऱ्यावर चालून येत असे. या चित्रांत तो सावकाश उगवतो. माझ्या मते या संपूर्ण चळवळीने गाठलेली ही सर्वांत उंच जागा आहे.

अमेरिकेत आल्बर्सच्या हाताखाली येलमध्ये एकाच काळी शिकलेले दोघे, रिचर्ड आनुश्कीएविच आणि ज्युलियन स्टांचाक, यांनी गुरूचा पाठ निरनिराळ्या दिशांना नेला. आनुश्कीएविचच्या तांबड्या क्षेत्रावरील निळ्या-हिरव्या बारीक रेघांनी तो तांबडा एके ठिकाणी निखारा होतो व दुसरीकडे विझू लागतो; बेत्सोल्डच्या सलोख्याचा इतका उघड दाखला क्वचित मिळेल. स्टांचाक पोलंडचा, बालपणी सैबेरियाच्या छावणीत उजवा हात निकामी झालेला; डाव्या हाताने शिकून त्याने पारदर्शक पडद्यांमागून उजेड झिरपावा अशी जी चित्रे केली, त्यांत मला आनुश्कीएविचपेक्षा अधिक कारुण्य आणि अधिक धीर दिसतो. व्हेनेझुएलाच्या कार्लोस क्रूस-दिएस याने १९५९ पासून फलकावर उभ्या पातळ पात्या बसवून असे केले, की पाहणारा चालू लागला की रंग उत्पन्न होतो, थांबला की थांबतो. काराकासजवळच्या विमानतळाच्या फरशीवर त्याने रंगीत पट्ट्यांचा जो विस्तीर्ण पट घातला आहे, त्यावर अलीकडे देश सोडून निघालेले हजारो लोक आपल्या पावलांचे छायाचित्र घेऊन मग विमानात चढले. केवळ डोळ्याची गंमत म्हणून हिणविलेल्या कलेच्या वाट्याला आलेला हा अर्थ तिच्या टीकाकारांनी विचारात घेतला पाहिजे.

आपल्याकडे हा प्रश्न दुसऱ्या दाराने आला. नागपूरच्या कला विद्यालयात आणि मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात शिकून १९५० मध्ये फ्रान्सला गेलेले सय्यद हैदर रझा यांनी ‘बिंदू’ला आपल्या चित्राचा अधिष्ठाता केले, आणि बालपणी शिक्षकांनी भिंतीवर काढलेल्या ठिपक्यावर मन स्थिर करावयास लावल्याची आठवण त्यांनी अनेकदा सांगितली. चित्रकार बिरेन दे यांच्या चित्रांत सममित आकारांच्या गाभ्यातून रंगच्छटांच्या क्रमाने प्रकाश फुटतो. या चित्रांविषयी आपल्याकडे लिहिले गेले ते बहुतांशी तत्त्वज्ञानाच्या अंगाने. बिंदू, बीज, पंचमहाभूते यांचा ऊहापोह झाला, पण रझांच्या काळ्या वर्तुळाभोवतीचे करडे आणि शेंदरी एकमेकांचे काय करतात, तो काळा एकाच चित्रात विवर आणि गोळा असा दोन्ही प्रकारे का दिसतो, याची विचारपूस फार थोड्यांनी केली. चित्रकार प्रभाकर बरवे यांनी ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) मध्ये मराठीत अवकाश आणि आकार यांचे जे सूक्ष्म चिंतन केले, त्या जातीचे लेखन रंगाच्या वर्तनाविषयी आपल्याला हवे आहे. बरवे दीर्घकाळ विणकर सेवा केंद्रात नोकरीस होते, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे घालून धूपछाव साधणाऱ्या पैठणच्या विणकराला शेव्हरलचा आणि बेत्सोल्डचा विषय पुस्तकाविना अवगत आहे.

या चित्रांचा अभ्यास करणाऱ्यापुढे एक व्यावहारिक अडचण कायम उभी असते, ती म्हणजे त्यांची छापील प्रत जवळजवळ निरुपयोगी ठरते. छपाईत रंग चार शाईंच्या ठिपक्यांत मोडतो, माप दहापट लहान होते, आणि संगणकाच्या पडद्यावर तर रंग स्वतःच प्रकाशमान असतो. रेघ आणि अंतर यांच्यावर जो परिणाम तोललेला असतो तो या सर्वांत सर्वप्रथम नष्ट होतो. मूळ चित्रही निर्धास्त नाही. रंग उडतात, पांढरा पिवळा पडतो, वार्निश तांबूस होते. आणि बेत्सोल्डचा नियम येथे निर्दयपणे लागू पडतो, कारण एक रंग उतरला की उरलेले सर्व रंग बिघडतात, निसर्गचित्रात जी हानी एका कोपऱ्यापुरती राहिली असती ती येथे संपूर्ण चित्राची होते. आल्बर्सने फलकाच्या पाठीवर लिहून ठेवलेल्या याद्या या कामी दुरुस्तकारांना अस्सल दस्तऐवजासारख्या उपयोगी पडतात. आपल्या संग्रहालयांतील आणि खाजगी संग्रहांतील रझा, बिरेन दे व त्यांच्या समकालीनांच्या चित्रांसाठी अशी नोंद, कोणता रंग, कोणत्या कारखान्याचा, कोणत्या अस्तरावर, किती हातांचा, आज कोणत्या छटेचा, तज्ज्ञांकडून करवून घेण्याचे काम ताबडतोब हाती घेतले पाहिजे, आणि ज्यांनी त्या चित्रकारांना काम करताना पाहिले अशी माणसे हयात आहेत तोवरच ते पुरे होण्यासारखे आहे.